दिल्लीची दहा वर्षे, महाराष्ट्राची पंधरा: एका डिझेल गाडीच्या विक्रीचा अनुभव

२०२५-२६ च्या हिवाळ्यात मी माझी मारुती व्हिटारा ब्रेझा विकली. ही डिझेल गाडी ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्लीत नोंदवलेली होती आणि तिची विक्री नाशिकला झाली. गाडीला काही झाले होते असे नाही. रनिंग लाखाच्या आत होते, इंजिन एकदाही उघडावे लागले नव्हते, सर्व्हिसिंगची सगळी बिले फाइलला लावलेली होती आणि पीयूसी काढताना धुराचा आकडा बीएस-४ (‘भारत स्टेज’ या उत्सर्जन मानकांचा चौथा टप्पा) डिझेलसाठी असलेल्या १.६२ च्या मर्यादेच्या निम्म्याच्याही खाली येत असे. तरीही याच गाडीला दिल्लीत आणि नाशिकला जे भाव सांगितले गेले, त्यांत दुपटीहून अधिक अंतर होते. हे अंतर कशाचे बनलेले असते आणि ते स्वतःच्या पदरात पाडून घ्यायचे तर काय काय करावे लागते, ते इथे लिहितो आहे. दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये नोकरीनिमित्त राहून महाराष्ट्रात परतणारी बरीच मराठी कुटुंबे याच पेचात सापडतात.

आधी नियम सांगितला पाहिजे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात मात्र राष्ट्रीय हरित लवादाने ७ एप्रिल २०१५ रोजी दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणण्यास मनाई केली आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. दरम्यान, डिसेंबर २०१५ ते ऑगस्ट २०१६ या काळात दोन हजार सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांच्या नव्या नोंदणीवरच बंदी होती. ती उठली तेव्हा अशा गाड्यांवर एक टक्का पर्यावरण भरपाई शुल्क बसले. मी गाडी घेतली ती हा गदारोळ नुकताच शमत असताना. माझे १२४८ सीसीचे इंजिन त्या बंदीत येतच नव्हते, आणि ब्रेझा त्या वेळी पेट्रोलमध्ये मिळत नव्हती. शोरूममध्ये दहा वर्षांच्या आदेशाचा विषय निघाला की ‘मामला अजून कोर्टात आहे’ या एका वाक्यावर तो मिटवला जाई. २०१८ च्या निकालानंतर त्या वाक्यात काही उरले नाही आणि गाडीची शेवटची तारीख, निदान दिल्लीपुरती, ऑक्टोबर २०२६ ठरून गेली.

दहा वर्षे भरली की दिल्लीत किंमत शून्य होते, एवढाच या नियमाचा परिणाम असता तर हिशेब सोपा होता. प्रत्यक्षात किमतीची घसरण फार आधी सुरू होते. जुनी गाडी घेणारा माणूस ती निदान चार-पाच वर्षे वापरायच्या इराद्याने घेतो, आणि त्याला कर्ज हवे असेल तर कर्जाची मुदतही गाडीच्या उरलेल्या आयुष्यात बसावी लागते. त्यामुळे सातव्या वर्षाच्या आसपास दिल्लीतला खरा ग्राहक, म्हणजे स्वतः वापरण्यासाठी गाडी घेणारा, बाजारातून उठून जातो. त्यानंतर दिल्लीत डिझेल गाडी विकत घेतो तो व्यापारीच, आणि तोही ती पंजाब, राजस्थान, बिहार किंवा महाराष्ट्रात पाठवण्यासाठी घेतो. म्हणजे दिल्लीतला भाव हा दिल्लीत ठरतच नाही. बाहेरच्या राज्यात गाडी ज्या भावाला जाईल त्यातून तिथला कर, कागदपत्रांचा खर्च, वाहतूक, व्यापाऱ्याचा नफा आणि मधल्या काळात नियम बदलण्याची धास्ती वजा केली की जे उरते, तो दिल्लीचा भाव. हे सूत्र मला कोणी समजावून सांगितले नाही. करोल बागेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात उभे राहिले की ते आपोआप कळते.

त्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याचे गाडी पाहणे मला चांगले आठवते. दिल्लीत गाडीच्या समोरच्या काचेवर इंधनाप्रमाणे रंगाचे स्टिकर असते, पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळे व डिझेलला नारिंगी. ते नारिंगी स्टिकर त्याने लांबूनच पाहिले आणि बॉनेट उघडायला न सांगता आधी आरसी मागितली. नोंदणीची तारीख वाचून त्याने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत महिने मोजले. मी सर्व्हिसिंगची फाइल पुढे केली तेव्हा ती त्याने सौजन्य म्हणून चाळली आणि म्हणाला, “इंजन तो बढ़िया होगा भाईसाब, पर मैं इंजन थोड़े ही ख़रीद रहा हूँ, टाइम ख़रीद रहा हूँ.” त्याने दोन लाख दहा हजार सांगितले. त्याच्या तीन-चार महिने आधी, २०२५ च्या वसंतात, दुसऱ्या एका व्यापाऱ्याने याच गाडीला पावणेतीन लाख सांगितले होते. मधल्या काळात गाडी फारशी चाललीही नव्हती.

मधल्या काळात घडले होते ते वेगळेच. हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये निर्देश काढून असे ठरवले की १ जुलैपासून दिल्लीतल्या पंपांवर दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना इंधनच द्यायचे नाही. पंपांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसले, पहिल्या दिवशी पोलीसही उभे राहिले आणि लोकांनी इतका आरडाओरडा केला की आठवड्याभरात, ८ जुलैला, आयोगाने ही अंमलबजावणी १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली. माझी गाडी तेव्हा नऊ वर्षांचीही नव्हती, म्हणून या आदेशाचा तिच्याशी थेट संबंध नव्हता. पण दहा वर्षे ओलांडलेल्या आणि तोवर गुपचूप चालवल्या जाणाऱ्या गाड्या त्या आठवड्यात एकदम विक्रीला आल्या, व्यापाऱ्यांच्या जागा भरून गेल्या आणि त्यांच्या मागोमाग आठ-नऊ वर्षांच्या गाड्यांचेही भाव उतरले.

त्यानंतर १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की केवळ वयाच्या कारणावरून या गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये. मला वाटले, आता भाव पूर्ववत होतील. तसे काही झाले नाही, आणि यातच मला या विषयाचे सार सापडले असे वाटते. कडक नियमाची किंमत व्यापारी हिशेबात धरू शकतो, कारण त्याला तारीख असते. अंतरिम दिलासा हिशेबात धरता येत नाही, कारण तो कधी जाईल ते ठाऊक नसते, आणि व्यापारी अनिश्चिततेची किंमत नेहमी विकणाऱ्याकडूनच कापून घेतो. त्याच व्यापाऱ्याला फोन केला तर त्याने भाव दहा हजारांनी वाढवला, तोही बहुधा मी पुन्हा विचारले म्हणून.

दिल्लीत गाडी ठेवण्याविरुद्ध आणखी एक गोष्ट होती, जिची दहा वर्षांच्या नियमापुढे फारशी चर्चा होत नाही. हिवाळ्यात हवा बिघडली की ‘ग्रॅप’ या टप्प्याटप्प्याच्या योजनेचा तिसरा टप्पा लागू होतो आणि दिल्लीसह गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद व गौतम बुद्ध नगर या ठिकाणी बीएस-४ डिझेल चारचाकी बाहेर काढण्यास मनाई होते. पकडले गेल्यास वीस हजारांचा दंड असतो. म्हणजे नोंदणी वैध, विमा वैध, पीयूसी वैध, आणि तरीही वर्षातले ऐन थंडीचे काही आठवडे गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी. ग्राहकाला हे ठाऊक असते.

माझी बदली नाशिकजवळ व्हायची होतीच, त्यामुळे पुढे तीन मार्ग होते. गाडी भंगारात देण्याचा हिशेब मी केवळ कुतूहल म्हणून करून पाहिला: नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के मिळतात असे धोरण सांगते, म्हणजे साडेआठ लाखांच्या गाडीचे पस्तीस ते पन्नास हजार, आणि वर नवी गाडी घेताना रस्ताकरात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत. लाखाच्या आत चाललेल्या गाडीसाठी हा मार्ग हास्यास्पद होता. दुसरा मार्ग दिल्लीत व्यापाऱ्याला विकण्याचा. त्यात पैसे लगेच मिळतात, पण बरेच व्यापारी मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन ठेवतात आणि बाहेरचा ग्राहक मिळेपर्यंत गाडी आपल्याच नावावर राहते. तिने अपघात केला तर नुकसानभरपाईची जबाबदारी कागदोपत्री मालकावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्वाळा आहे. यावर उपाय म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकृत करण्याचे नियम आणले. मला भेटलेल्यांपैकी एकाने तरी ते प्रमाणपत्र दाखवावे, असा आग्रह मी धरला. आग्रहाचे उत्तर म्हणून चहा मिळाला.

राहिला तिसरा मार्ग: एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, घेऊन गाडी महाराष्ट्रात नेणे, स्वतःच्याच नावावर तिचे नवे पासिंग करणे आणि मग विकणे.

यात वेळेचे महत्त्व मोठे आहे. दहा वर्षांच्या आत असलेल्या गाडीला ना हरकत प्रमाणपत्र मिळणे ही एक साधी कार्यालयीन बाब असते. दहा वर्षे उलटल्यावर मात्र ती गाडी दिल्लीच्या दृष्टीने मुदत संपलेली ठरते आणि तिच्यासाठी उघडी दारे कमी होतात. हरित लवादाने २०१६ मध्येच सांगितले होते की अशा गाड्यांना ना हरकत द्यायची ती जिथे वाहनांची दाटी कमी आहे अशा भागांसाठी. दिल्लीचा धूर कमी दाटीच्या जिल्ह्यांत वाटून टाकण्याची ही कल्पना मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही, पण किमतीच्या दृष्टीने तिचा अर्थ स्पष्ट आहे: दहा वर्षे भरायच्या आत सीमा ओलांडली तर गाडी ‘जुनी’ असते, नंतर ओलांडली तर ‘दिल्लीतून हाकललेली’ असते.

एनओसीसाठी फॉर्म २८ भरावा लागतो. गाडीवर कर्जाचा बोजा नसावा लागतो. माझे कर्ज पूर्वीच फिटले होते आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरची बँकेची नोंदही काढून घेतलेली होती. चोरीची गाडी नसल्याचा एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) अहवाल आता ऑनलाइन निघतो. विमा आणि पीयूसी चालू हवेत आणि एकही चलन बाकी नको. या शेवटच्या अटीने मला सर्वांत जास्त दमवले, कारण भरून टाकलेले एक जुने चलन पोर्टलवर बाकीच दिसत होते आणि ते मिटल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. पावतीची प्रत घेऊन खिडकी-खिडकीला जाण्यात गेलेला वेळ मी कुठल्याच हिशेबात धरलेला नाही. ज्यांना पुढे हे करायचे आहे त्यांनी अर्ज करण्याच्या महिनाभर आधी चलने पाहून ठेवावीत. दुसरे असे की एनओसी ही एका विशिष्ट आरटीओच्या नावाने निघते. ‘महाराष्ट्र’ एवढे लिहून चालत नाही. नाशिक लिहिले की पुण्यात तिचा उपयोग नाही. आधी पुण्याचा विचार मनात होता, पण नाशिकला घराचा पत्ता आणि त्याचा पुरावा दोन्ही होते, म्हणून नाशिक लिहिले.

दिवाळीच्या आत एनओसी हाती आली आणि भाऊबीज झाल्यावर मी आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर, धुळे या मार्गाने गाडी घेऊन निघालो. दिल्लीत ‘ग्रॅप’चा तिसरा टप्पा ११ नोव्हेंबरला लागला, तोवर गाडी नाशिकच्या अंगणात होती. वाटेत एका टाकीत ती जे अंतर तोडते, ते पाहताना अशा गाडीला बाहेर मागणी का आहे हे पुन्हा कळत होते.

नाशिकच्या आरटीओत नव्या नोंदणी क्रमांकासाठी फॉर्म २७, पत्ता बदलासाठी फॉर्म ३३, मूळ एनओसी, आरसी, विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा लागला. यांखेरीज एक कागद असा होता की जो नसता तर अडचण झाली असती: २०१६ चे मूळ खरेदी बिल. महाराष्ट्रात परराज्यातून आलेल्या गाडीवर कर बसतो तो तिच्या आजच्या बाजारभावावर बसत नाही, मूळ किमतीवर बसतो आणि गाडीच्या वयाप्रमाणे त्यात सूट मिळते. दहा लाखांपर्यंतच्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात मूळ दर १३ टक्के आहे. पेट्रोलला तो ११ टक्के. दिल्लीत मी २०१६ मध्ये याच गाडीवर ८.७५ टक्क्यांनी एकरकमी कर भरला होता. दोन्ही राज्ये डिझेलवर पेट्रोलपेक्षा जास्त कर घेतात, हा प्रदूषणाच्या धोरणाचाच भाग आहे, आणि दिल्लीच्या व्यापाऱ्याने भावातून जी मोठी रक्कम कापली होती तिच्यातला सर्वांत मोठा तुकडा हाच होता, हे मला कराची पावती हातात आल्यावर दिसले. दिल्लीकडे उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागण्यासाठीही नव्या नोंदणीचा पुरावा जोडावा लागतो. व्यापारी तो परतावा भावात कधीच धरत नाहीत.

तपासणीच्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकाने गाडीभोवती एक फेरी मारली, दिवे, हॉर्न, पट्टे पाहिले आणि चॅसिस नंबर मागितला. हा नंबर नुसता वाचून चालत नाही, त्याचा ठसा अर्जावर लागतो. एजंटच्या पोऱ्याने चॅसिसवरच्या कोरलेल्या जागेवरची धूळ थुंकी लावून पुसली, तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टीसारखा पातळ कागद दाबून धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासली. एकेक अक्षर काळ्यावर पांढरे उमटत गेले. मधले एक अक्षर गंजामुळे अर्धेच आले, तेव्हा निरीक्षकांनी कागद परत केला. दुसऱ्या खेपेस रॉकेलचा बोळा फिरवल्यावर ते पूर्ण उठले. परराज्यातल्या गाडीबाबत ही काटेकोर तपासणी होते ती योग्यच आहे, कारण चोरीच्या आणि अपघातात मोडलेल्या गाड्या याच वाटेने येतात, आणि पुढे ग्राहकाचा संशय निवारण्यासाठी मला याच तपासणीचा आधार मिळाला.

नवा एमएच १५ क्रमांक मिळाल्यावर त्याच्या एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा क्रमांकाच्या, पाट्या बनवून घ्याव्या लागल्या. सगळ्या राज्यातल्या जुन्या गाड्यांना त्या लावण्याची मोहीम त्याच वर्षी चालू असल्याने तारीख मिळायला थोडे थांबावे लागले. मग विमा कंपनीला नवा क्रमांक कळवला आणि फास्टॅगही बदलला. नव्या आरसीवर नोंदणीची वैधता ऑक्टोबर २०३१ पर्यंत आली. दिल्लीत जेमतेम एक वर्ष उरलेल्या गाडीला इथे सहा वर्षे होती, आणि पुढे तपासणी करून व पर्यावरण कर भरून आणखी पाच वर्षे मागता येणार होती.

आता नाशिकच्या बाजाराविषयी. इथे उत्सर्जनाच्या नियमांनी किमतीवर अगदी उलटा परिणाम केलेला दिसला, आणि मला तो दिल्लीतल्या घसरणीपेक्षा अधिक विचार करण्याजोगा वाटतो. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, ती ८० वर आली. कणांची मर्यादा २५ वरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. एवढे साधायचे तर डिझेल गाडीच्या धुराड्यात कण अडवणारे डीपीएफ आणि नायट्रोजन ऑक्साइडवर प्रक्रिया करणारी यंत्रणा घालावी लागते आणि तो खर्च लहान गाडीला पेलत नाही. मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच जाहीर केले की पुढच्या एप्रिलपासून आपण डिझेल बनवणार नाही. त्यामुळे स्विफ्ट, डिझायर, ब्रेझा, अर्टिगा यांतले ते १.३ लिटरचे डिझेल इंजिन संपले. मूळ फियाटचे हे इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावलाही बनत असे आणि टाटांच्या गाड्यांतही बसत असे, म्हणून गमतीने त्याला देशाचे राष्ट्रीय इंजिन म्हणत. परिणाम असा की नाशिक, नगर, धुळे पट्ट्यात ज्याला लहान, कमी खर्चाची आणि कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी डिझेल गाडी हवी आहे, त्याला नव्या गाड्यांत फार थोडे पर्याय उरले आहेत. आमच्या गॅरेजवाल्याचे मत आणखी रोखठोक होते. गावात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याचे डीपीएफ चोक होते, इंजिन तापून ते साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवावी लागते, आणि नवे टाकायचे तर किंमत ऐकून माणूस खाली बसतो. म्हणून जुने बीएस-४ इंजिन, म्हणजे ज्याला हे लफडे नाही ते, त्याच्याकडे लोक मुद्दाम शोधत येतात. पर्यावरणाच्या दृष्टीने ही बातमी चांगली नाही, पण बाजार असाच चालतो. नव्या नियमाने नवी गाडी महाग आणि नाजूक केली की जुन्या, अधिक धूर सोडणाऱ्या गाडीचा भाव धरून राहतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाल्याचा थोडा फटका मात्र बसला. चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा एकूण कर उपकरासह ३१ टक्के होता, तो १८ टक्के झाला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्याबरोबर जुन्यांचे भावही थोडे खाली सरकले.

एमएच पासिंगची, २०१६ ची अशीच ब्रेझा तेव्हा नाशिकला पाच लाखांच्या आसपास जात होती. तशीच डीएल पासिंगची गाडी, म्हणजे एनओसी आहे पण नवा क्रमांक नाही अशी, साडेतीन लाखांच्या वर कोणी मागत नव्हते. म्हणजे नुसत्या नव्या पासिंगचे मोल इथे दीड लाख होते, आणि माझा कर, एजंट, पाट्या, प्रवास मिळून एकूण खर्च लाखाच्या आत आला होता. माझ्या गाडीला पाच मिळतील, अशी अपेक्षा मी धरली नव्हती, कारण नव्या आरसीनेही तिचे दिल्लीपण पुसले जात नाही. पूर्वीचा क्रमांक नोंदीत राहतो आणि ग्राहक तो पाहतो.

ग्राहक दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार मिळाले. सोबत त्यांचे काका होते, ज्यांना ते नाना म्हणत, आणि खरा सौदा नानांशीच झाला. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिले, गालिचे उचलून पाहिले, सीटच्या पट्ट्यांची पूर्ण लांबी ओढून पुराच्या पाण्याचे डाग आहेत का ते तपासले. २०२३ मध्ये यमुनेचे पाणी दिल्लीत शिरले होते हे त्यांना ठाऊक होते. सर्व्हिसिंगची फाइल, जिला करोल बागेत कोणी विचारले नव्हते, ती त्यांनी पान-पान वाचली आणि दर वर्षीचे किलोमीटर कागदावर मांडून पाहिले. इतके झाल्यावर नाना म्हणाले, “गाडी चांगली आहे साहेब, त्यात वाद नाही. पण दिल्लीत जे झालं ते उद्या इकडं झालं तर? मुंबईला कोर्टानं समिती बसवलीय म्हणे.”

प्रश्न रास्त होता. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेच्या प्रश्नावर सुनावणी करताना पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून केवळ सीएनजी आणि विजेवरच्या गाड्या ठेवता येतील का, याचा अभ्यास करायला राज्याला सांगितले होते आणि सरकारने त्यासाठी समिती नेमली होती. मी नानांना सांगितले की तो विषय मुंबई महानगर प्रदेशापुरता आहे आणि वयाची मर्यादा ठरवणारा कोणताही आदेश महाराष्ट्रात नाही. त्यावर त्यांचे उत्तर तयार होते: “आमचा माल मुंबईलाच जातो ना. आम्हालाही जावं लागतं.” दिल्लीपासून इतक्या लांब, जिथे दहा वर्षांचा नियम लागूही नाही, तिथेही त्या नियमाची सावली भावावर पडली होती, आणि त्या एका वाक्यासरशी माझ्या मागणीतून पंचवीस हजार गेले.

बोलणी अर्धवट असतानाच, १७ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने आपला ऑगस्टचा आदेश बदलला. कारवाईपासूनचे संरक्षण आता बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते राहिले. बीएस-३ आणि त्याआधीच्या जुन्या गाड्यांवर कारवाईला मोकळीक मिळाली. वयाऐवजी इंजिनाचा दर्जा पाहण्याकडे टाकलेले हे पाऊल मला योग्य वाटते, कारण धूर नोंदणीच्या तारखेतून निघत नाही. माझी गाडी बीएस-४ असल्याने ती दिल्लीत असती तरी तूर्त सुरक्षित राहिली असती. कुतूहलाने मी करोल बागेतल्या त्या व्यापाऱ्याला पुन्हा फोन केला. तशाच गाडीला त्याने आता दोन लाख चाळीस सांगितले. नऊ वर्षांची बीएस-४ गाडी, न्यायालयाचे संरक्षण, आणि तरी एप्रिलच्या भावाहून कमी. “ऑर्डर है, क़ानून थोड़े ही है,” हे त्याचे कारण होते.

नानांनी ती बातमी वाचली होती आणि तिचा उपयोग आम्ही दोघांनी आपापल्या परीने केला. मी म्हणालो, दिल्लीतसुद्धा बीएस-४ ला आता हात लावत नाहीत. ते म्हणाले, म्हणजे उद्या तिकडच्या गाड्या इकडे येणे थांबेल की आणखी वाढेल ते सांगा. शेवटी चार लाख चाळीस हजारांवर सौदा झाला. खर्च वजा जाता माझ्या हाती साडेतीन लाखांच्या किंचित खाली राहिले. दिल्लीत विकली असती तर दोन लाख दहा हजार मिळाले असते. माझे घर नाशिकला नसते, गाडी तशीही इकडे यायची नसती आणि रजा टाकून चकरा माराव्या लागल्या असत्या, तर या फरकातला बराच भाग त्यातच गेला असता, आणि मग करोल बागेतल्या व्यापाऱ्याचा भाव मला तितका अन्यायाचा वाटला नसता.

कोऱ्या सह्यांचा प्रकार इथे होऊ नये म्हणून फॉर्म २९ आणि ३० दोघांनी समोरासमोर भरले, विक्रीपत्रावर हस्तांतराची तारीखच नव्हे तर वेळही लिहिली आणि गाडी सोडण्यापूर्वी हस्तांतराचा अर्ज पोर्टलवर दाखल झाल्याची पावती घेतली. गाडीचा विमा त्यांच्या नावावर गेला, पण नो क्लेम बोनस हा मालकाचा असतो, गाडीचा नसतो. त्याचे प्रमाणपत्र विमा कंपनीकडून वेगळे मागून घ्यावे लागते, ते मी घेतले. फास्टॅग बंद करून अनामत परत मिळवली. दिल्लीच्या एनओसीची, नाशिकच्या करपावतीची आणि जुन्या आरसीची प्रत नानांनी स्वतःहून मागितली, आणि ती मी त्यांना दिली, कारण पाच-सहा वर्षांनी ते गाडी विकायला काढतील तेव्हा पुढचा ग्राहक पूर्वीचा डीएल क्रमांक पाहून हेच कागद मागेल.